कुणब्याचा खाना व म्हाताऱ्याचा खाना : सातारा-सांगली भागांतील रोख साह्याचा विचार

प्रस्तुत लेखाचा विषय त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. सनदा, महजर व करीने यांचें वाचन सोडून हल्लींच्या सरकारी मदतीकडे वळण्याचें कारण काय, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचें उत्तर आम्ही प्रारंभींच देतों. कांहीं वर्षांपूर्वीं माण तालुक्यांतील एका गांवीं एक जुना रुमाल आहे असें कळल्यावरून तो पाहण्यास आम्ही गेलों होतों. घर एका वृद्ध शेतकऱ्याचें. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास, जमीन सारी कोरडवाहू, चार एकरांच्या आंत, थोरला मुलगा मुंबईस माथाडी कामांत, धाकटा घरीं, कारभारीण थकलेली. रुमाल सोडला तेव्हां सर्वांत वर बँकेचें पासबुक निघालें. त्याखालीं सात-बाराचे उतारे, त्याखालीं तगाईच्या पावत्या, आणि अगदीं तळाशीं मोडी लिपींतील चार-पांच बंद. आमची दृष्टि अर्थातच तळाशीं होती; परंतु आबांनीं पासबुक आमच्या हातीं दिलें आणि म्हणाले, “गुरुजी, आधी ह्ये वाचा. दोन हजार आल्यात का न्हाई तेवढं सांगा.” आम्हीं वाचलें. पैसे आले नव्हते. मोडी बंद त्या दिवशीं वाचावयाचे तसेच राहिले. परंतु वरून खालीं पाहत गेलें असतां एका घराचा आणि पैका देणाऱ्या-घेणाऱ्यांचा दीडशें वर्षांचा व्यवहार त्या रुमालांत क्रमवार लागलेला आहे, हें आमच्या ध्यानांत आलें. त्या क्रमाचा अर्थ लावण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

शेतकऱ्यास राजानें द्रव्य द्यावें ही कल्पना आमच्या नीतिशास्त्रांत जुनी आहे. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथसंग्रहांत १९०५ सालीं शामशास्त्री यांच्या हातीं आलेल्या व १९०९ सालीं मुद्रित झालेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचा पहिला अध्याय जनपदनिवेशाचा आहे. त्यांत कर्षकांवर धान्य, पशु व द्रव्य देऊन राजानें अनुग्रह करावा आणि त्यांनीं तें आपल्या सोईनें परत करावें, असें विधान आहे. अनुग्रह व परिहार, म्हणजे देणगी व सूट, हीं दोन्ही कोशाची वाढ होईल अशा बेतानेंच द्यावीं, असेंही तेथेंच बजाविलें आहे. याच अध्यायांत थोडें पुढें गेल्यावर बाल, वृद्ध, व्याधित, संकटग्रस्त व अनाथ यांचें भरण राजानें करावें, असें दुसरें विधान येतें. आणि त्याच्याच शेजारीं, सामर्थ्य असून जो आपल्या अपत्यांचें, पत्नीचें किंवा आईबापांचें भरण करीत नाहीं त्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे.

येथें दोन खाने स्पष्ट दिसतात. पहिला कर्षकाचा. त्यांतील द्रव्य परत यावयाचें असतें, कारण तें लागवडीसाठीं दिलेलें असतें. दुसरा वृद्धाचा. त्यांतील द्रव्य परत यावयाचें नसतें. परंतु तें ज्याला कोणी नाहीं त्याला द्यावयाचें, आणि ज्याला पुत्र आहे त्याचा भार पुत्रावर टाकावयाचा. आतां जो कर्षकही आहे आणि वृद्धही आहे, ज्याला जमीनही आहे आणि पुत्रही आहे, त्याचें काय? तो यांपैकीं कोणत्याही खान्यांत नीट बसत नाहीं. आमच्या मतें सातारा-सांगली भागांतील साह्याचा पुढील सारा इतिहास या एका अडचणीभोंवतीं फिरतो.

शिवछत्रपतींनीं ५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. तें कोंकणांतील असलें तरी तगाईचें तत्त्व इतक्या विशदपणें सांगणारा दुसरा कागद आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्या कुणब्यास शेत करण्याची कुवत आहे, घरांत माणूस आहे, परंतु बैल व दाणे नाहींत, त्याच्या हातीं बैलांसाठीं रोख पैका द्यावा. पोटास खंडी-दोन खंडी धान्य द्यावें. त्याच्यानें करवेल तितकें शेत करवावें. आणि पुढें तो सावरत जाईल तसतसें साल-दरसाल केवळ मुद्दल वसूल करावें, वाढीदिडी घेऊं नये, असा त्याचा आशय आहे. या कामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असेंही त्यांत म्हटलें आहे. या पत्राची थोरवी व्याज न घेण्यांत आहे, हें सर्वमान्यच आहे. परंतु त्याची अटही तितकीच लक्षांत घेण्याजोगी आहे. पैका मिळावयाचा तो कुवत व माणूस असलेल्यास. ज्याचे हात थकले व ज्याच्या घरीं नांगर धरणारें कोणी उरलें नाहीं, तो या पत्राच्या कक्षेबाहेर राहतो. हा दोष नव्हे. कारण पत्राचा हेतु पडीत जमीन लागवडीस आणण्याचा आहे, वृद्धांच्या संगोपनाचा नाहीं.

पेशवाईंतील कौल, इस्तावा, सूट व तगाई यांचेंही स्वरूप असेंच आहे. इस्ताव्यानें पडीत जमिनीवरील सारा पहिल्या सालीं हलका ठेवून पुढें चढवीत न्यावयाचा. तगाईनें बीं-बियाणें व बैल यांची सोय करावयाची. दुष्काळांत किंवा फौजेच्या पायमल्लींत सूट द्यावयाची. या सर्वांचा शेवट लागवड व वसूल यांत होतो. रणांत पडलेल्या शिपायाच्या मुलांस बालपरवेशी मिळे, विद्वानांस वर्षासन मिळे. परंतु साध्या कुणब्याच्या म्हातारपणासाठीं असा स्वतंत्र खर्च मांडण्याची रीत नव्हती. मग त्याचें म्हातारपण कशावर निभे? आमचें उत्तर असें कीं, तें मिराशीवर निभे. मिरासदार परागंदा झाला तरी त्याचा जमिनीवरील हक्क लगेच बुडत नसे. पुष्कळ वर्षांनीं परत येऊनही तो आपलें थळ मागूं शके. जोंपर्यंत कागदांत त्याचें नांव होतें तोंपर्यंत मुलांस व भाऊबंदांस त्याची गरज होती. जमीन कसण्याचें बळ गेलें तरी नांवाचें बळ उरे. नांव हेंच त्या काळचें निवृत्तिवेतन होय.

१८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें. रोख सारा, मुदतीचा वसूल आणि दिवाणी कोर्टाचे हुकूमनामे यांनीं सावकाराचें बळ वाढविलें. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांचे रोखे जाळण्याचे जे दंगे झाले, त्यांचा पडसाद तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांत कोकरूड येथेंही उमटला. त्यामागोमाग १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठीं होता. पुढें १८८३ चा जमीन सुधारणा कर्जांचा व १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जांचा असे दोन कायदे होऊन तगाईस कायद्याचें रूप आलें. आबांच्या रुमालांतील पावत्या या दुसऱ्या कायद्याखालच्या आहेत. तगाईचें व्याज सावकाराहून कमी असे. परंतु ती सरकारी साऱ्याच्या बाकीप्रमाणें वसूल होई, आणि घेणारा मेला तरी ऋण मरत नसे. आबांच्या आजोबांनीं उचललेल्या तगाईचे शेवटचे हप्ते त्यांच्या वडिलांनीं फेडले, हें पावत्यांवरील नांवांवरून दिसतें.

याच काळांत १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या कमिशनच्या शिफारशींवरून दुष्काळ-नियमावली तयार झाली. तिच्यांतही तेच दोन खाने आहेत: अंगांत बळ असेल त्याला खडी फोडण्याचें काम व मजुरी, आणि वृद्ध, पंगु व निराधार यांना गांवांतच धर्मार्थ मदत. पिढ्यान् पिढ्या या मदतीस लाज चिकटली. जमीन असलेला म्हातारा ती घेण्यापेक्षां खडीवर जाऊन बसणें पसंत करी, असें माण-खटावकडील जुनीं माणसें सांगत.

स्वराज्यानंतरही खाने मोडले नाहींत. १ ऑगस्ट १९४९ रोजीं दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. याच जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत, विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेनें, १९६५ च्या सुमारास रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत ती योजना राज्यभर पसरली व २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचें बळ आलें. ही मोठी गोष्ट खरी. पण ती काम करूं शकणाऱ्याची. दुसऱ्या बाजूस १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना, पुढें वृद्धांसाठीं श्रावणबाळ योजना, आणि १९९५ पासून केंद्राचें वृद्धापकाळ निवृत्तिवेतन आलें. श्रावणबाळाची रक्कम २०२३ सालीं दरमहा १,५०० रुपये झाली. परंतु ती पासष्ट वर्षांवरील निराधारांची आहे, आणि तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. ज्याच्या नांवावर जमीन व घरांत कमावता पुत्र आहे, त्यानें आपण निराधार आहों असें लिहून द्यावें कसें? आबांनीं तो अर्ज कधीं केला नाहीं. कौटिल्याच्या दोन वाक्यांमधील फट येथेंही तशीच राहिली.

या पार्श्वभूमीवर २०१९ च्या फेब्रुवारींत सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीचें नवेपण कळून येतें. शेतकरी कुटुंबास वर्षास ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं, थेट बँकेच्या खात्यांत जमा करावयाचे, असें तिचें स्वरूप आहे. आरंभीं दोन हेक्टरांची मर्यादा होती. त्याच वर्षाच्या जूनपासून ती काढून टाकण्यांत आली. प्राप्तिकर देणारे, सरकारी नोकर, दहा हजारांवर मासिक निवृत्तिवेतन घेणारे असे कांहीं वर्ग वगळले आहेत, आणि त्यांत आम्हीही आलों. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीनें आणखी ६,००० रुपयांची भर घातली. एकूण १२,००० झाले. या पैशास परतफेड नाहीं; आणि शेत कोणी नांगरलें, काय पेरलें, किती पिकलें, याची विचारपूसही नाहीं. जमीन नांवावर आहे एवढें पुरे. म्हणजे खाना कुणब्याचा, पण पैका म्हाताऱ्याच्या खान्यासारखा बिनपरतीचा! आमच्या समजुतीप्रमाणें वृद्ध शेतकरी हा एकाच वेळीं शेतकरी व वृद्ध राहून, लाज न धरतां, सरकारी पैका घेऊं शकला तो या भागांत प्रथमच.

घरांत त्याचा परिणाम काय झाला? आम्ही पुढें तीन-चार वेळां त्या घरीं गेलों व विचारून घेतलें. एका हप्त्याचे बहुतेक पैसे दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत व दुकानाच्या उधारींत गेले. एकाचें शाळूस खत आलें. एकांतून नातवाची परीक्षेची फी भरली. मोठें असें कांहींच झालें नाहीं. परंतु पूर्वीं म्हसवडास जावयाचें तर एस.टी.च्या भाड्यासाठीं धाकट्याकडे तोंड वेंगाडावें लागे, तें थांबलें. आणि फी भरण्याच्या दिवशीं नातू आजोबांस विचारूं लागला. त्याबरोबरच हेंही सांगितलें पाहिजे कीं, थोरल्याची मुंबईहून येणारी रक्कम त्याच सुमारास थोडी कमी झाली. आबांना आतां सरकार देतें, असें त्याचें म्हणणें. राजानें भरण केलें म्हणजे पुत्राचे बारा पण वाचतात, हा कौटिल्यानें ओळखलेला मनुष्यस्वभाव आहे. आईबापांच्या चरितार्थाचा कायदा २००७ सालीं झाला आहे. पण दोन-चारशें रुपयांसाठीं पोटच्या पोरावर अर्ज करणारा बाप आम्हांस तरी आढळला नाहीं.

आतां नांवाचा विचार. ही योजना सर्वस्वीं नांवावर उभी असल्यामुळें मिराशीचें जुनें तत्त्व तिच्यांत पुन्हां डोकावतें. योजनेच्या मूळ नियमांत १ फेब्रुवारी १९ ही तारीख, म्हणजे २०१९ सालची, जमिनीच्या नोंदीसाठीं धरली होती. त्यानंतर हयातींत वाटप करून मुलाच्या नांवें जमीन केली तर मुलास लाभ नाहीं. बाप वारल्यावर वारसानें आली तर आहे. त्यामुळें जो मुलगा वाटणीची घाई करीत होता तो थांबला, अशीं उदाहरणें या भागांत ऐकूं येतात. म्हाताऱ्याच्या नांवास किंमत आली. पण नांव नसलेल्यांचें काय? वाळवें तालुक्यांत कृष्णाकांठच्या एका गांवीं आम्हीं दुसरें घर पाहिलें. खातेदार नवरा वारला आणि हप्ते थांबले. बाईनें त्याच शेतांत पन्नास वर्षें भांगलण केली होती, पण सात-बारावर तिचें नांव नव्हतें. वारसाची नोंद, फेरफार, मग नवा अर्ज, यांत वर्ष गेलें. आणि तें शेत निमपटीनें कसणारा वांटेकरी तर या योजनेच्या हिशेबांत कोठेंच नाहीं. १६७६ च्या पत्रांत जो मुख्य होता, म्हणजे कुवत व माणूस असून साधन नसलेला, तोच येथें बाहेर राहिला. तेव्हां नांगर धरणाऱ्यास मिळे व थकलेल्यास मिळत नसे. आतां थकलेल्या खातेदारास मिळतें व नांगर धरणाऱ्या बिनखातेदारास मिळत नाहीं.

दुसरा भेद रकमेच्या स्वरूपाचा. शिवकालीन पत्रांत रोकडीबरोबर पोटाचें धान्य खंडीच्या मापानें सांगितलें आहे. धान्याची खंडी महाग झाली तरी खंडीच राहते. वर्षाचे ६,००० रुपये २०१९ पासून पुढील सहा वर्षें ६,०००च राहिले. औषध, खत व डिझेल मात्र तेथें राहिलें नाहीं. राज्याची भर पडली नसती तर हें साह्य दरसाल नकळत आकसत गेलें असतें, आणि भर पडल्यावरही तें आकसतेंच आहे. फुकटच्या पैशानें कुणबी आळशी होईल, असा आक्षेप कांहीं सुशिक्षित मंडळी घेतात. महिन्याच्या हजार रुपयांनीं आळशी होण्याइतकी चैन कोणास साधेल, हें आम्हांस कळत नाहीं. खरा आक्षेप उलट बाजूचा आहे: रक्कम लहान आहे, आणि ती लहान होत चालली आहे.

आबांचा हप्ता अडला होता तो कशानें, हेंही नोंदवून ठेवण्याजोगें आहे. जुन्या कागदांवर पाटील व कुणबी सही म्हणून नांगराची निशाणी करीत, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. हल्लीं अंगठ्याचा ठसा यंत्रावर जुळावा लागतो. साठ वर्षें नांगर, मोट व खुरपें धरून आबांच्या अंगठ्यावरील रेषाच झिजल्या होत्या. यंत्रास त्या ओळखतां येईनात. पुढें चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली, एका नातेवाईक मुलीनें आपल्या मोबाईलवर तें काम केलें, आणि हप्ते पुन्हां सुरू झाले. नांगराची निशाणी पूर्वीं ज्याची ओळख होती, त्याची ओळख नांगरानेंच पुसावी, याचें आम्हांस फार वाईट वाटलें.

तळचे मोडी बंद आम्हीं अखेरीस वाचले. त्यांतील एक कर्जरोखा आहे. आबांच्या खापरपणजोबांनीं सावकाराकडून पेरणीसाठीं उचललेल्या रुपयांचा तो असून त्याच्या शेवटीं नांगराची निशाणी आहे. म्हणजे तळाशीं सावकाराचें ऋण, मधें सरकारचें ऋण, आणि वर ऋण नसलेला पैका. हा क्रम एका घराचा असला तरी या दोन्ही जिल्ह्यांतील हजारों रुमालांत तो कमी-अधिक फरकानें असला पाहिजे.

येथें आमची संग्राहक बंधूंस एक विनंति आहे. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं वाईहून निघाला. पारसनिसांनीं साताऱ्यास व वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस दफ्तरें राखलीं. त्या थोर परंपरेंत राजे, सरदार व वतनदार यांचे कागद वांचले. कुणब्याच्या घरांतील पावत्या मात्र बहुधा चुलींत गेल्या. आपण रुमाल सोडाल तेव्हां केवळ तळचे बंद घेऊन वरचे टाकूं नये. तगाईची पावती, दुष्काळी कामाचें हजेरीपत्रक, फेरफाराची नोटीस, पासबुक, हीं सर्व एकाच घराचीं साधनें आहेत; तीं वेगळीं केलीं कीं क्रम मोडतो. पासबुकाचें पान भरलें कीं तें टाकून देतात, आणि मोबाईलवरील संदेश तर महिनाभरही टिकत नाहीं. शंभर वर्षांनीं कोणी विचारील कीं, एकविसाव्या शतकांत माणदेशच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास सरकारचा पैका खरोखर पोंचत होता काय, तर त्यास सरकारी आंकडे मिळतील. पण हप्ता कोणत्या महिन्यांत अडला व कशानें अडला, हें केवळ अशा रुमालांतच सांपडेल.

आबांचा रुमाल आम्हीं मागितला नाहीं. त्यांतील कागदांच्या नकला करून घेतल्या आणि रुमाल होता तसा, पासबुक वर ठेवून, बांधून दिला.